कातणे, ओढणे आणि रेणूंची मांडणी

बहुवारिकांपासून तंतू बनविण्याच्या क्रियेस मराठीत ‘कातणे’ म्हणावे काय, अशी पृच्छा रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी केली, म्हणून भाषाशास्त्राच्या अध्यापकास या विषयात शिरणे प्राप्त झाले. चरख्यावर कातताना कापसाचे तंतू आधीच अस्तित्वात असतात. पिळामुळे ते परस्परांस धरून राहतात व सुतास बळ येते. नायलॉनच्या कारखान्यात वितळलेले द्रव्य सूक्ष्म छिद्रांतून दाबून काढतात आणि तेथे तंतूच जन्मास येतो. त्याचे बळ रेणूंच्या मांडणीवर अवलंबून असते. जुना शब्द तसाच योजला, तर विद्यार्थी पीळच शोधीत बसेल.

वितळलेल्या द्रव्यात लांब रेणुशृंखला गुंतवळासारख्या पडलेल्या असतात. (हा घरगुती शब्द येथे फार समर्पक आहे.) प्रवाहाच्या ओढीने त्या काहीशा सरळ होतात, परंतु अवधी मिळताच पुन्हा आकसतात. मिनिटास १००० मीटर वेगाने गुंडाळलेल्या पॉलिएस्टरच्या धाग्यात रेणू फारसे जुळलेले नसतात. वेग ३५०० मीटरच्या आसपास नेल्यास आकसण्यापूर्वीच तंतू घट्ट होतो व मांडणी बरीच टिकते. उरलेले कार्य ओढण्याने साधते. १९३० साली कॅरोदर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांस असे आढळले की, थंड झालेला पॉलिएस्टरचा तंतू ओढल्यास तो कित्येक पट लांबतो आणि पुष्कळच बळकट होतो.

मात्र गुंता फार असल्यास ओढण्यासही मर्यादा पडते. अतिदीर्घ शृंखलांचे पॉलिएथिलीन वितळले तरी इतके दाट राहते की छिद्रांतून निघणेच कठीण. १९७९ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये स्मिथ व लेमस्ट्रा यांनी ते विरल द्रावणातून काढले. तेथे शृंखला एकमेकींपासून दूर असल्याने गाठी थोड्या पडतात, आणि थंड केल्यावर मिळणारा लिबलिबीत तंतू तीसपट व अधिकही ताणता येतो.

केवलारची गोष्ट निराळी. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी तयार केलेले द्रावण गढूळ व पातळ होते. छिद्रे बुजतील या भयाने तंत्रज्ञ ते यंत्रात घालण्यास कचरत होता. तो गढूळपणा ताठ रेणूंनी द्रावणातच समांतर जुळवाजुळव केल्याचे लक्षण होते! अशा द्रावणाची धार पाण्यात शिरण्यापूर्वी हवेतल्या लहानशा अंतरात ताणली जाते व पुढे स्वतंत्रपणे ओढण्याची गरज उरत नाही.

यास्तव पहिल्या क्रियेस ‘तंतुनिर्मिती’ म्हणावे आणि ‘ओढणे’ ही संज्ञा वेगळी राखावी, असे उत्तर आम्ही सहकाऱ्यांस कळविले आहे. ‘कातणे’ चरख्यापाशीच असू द्यावे.