साच्यातली तटबंदी

सकाळी 6. काल ओतलेले तुकडे फळीवर उभे आहेत. हाताची मागची बाजू लावून बघतो. गार लागला तर आत अजून पाणी आहे, त्याला रंग नाही.

7. गंगावेशीत ताजं दूध, की लगेच कामाला.

8. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मंडळाच्या पोरांना यंदा पन्हाळाच हवा. 2025 च्या जुलैत तो जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून दुसरं नावच नाही. त्याचा तट सात किलोमीटरच्या वर. शंभरपट लहान केला तरी सत्तर मीटर भरेल. म्हणून तीन दरवाज्याजवळचा पट्टाच घेतलाय. शाडूवर एकेक दगड कोरला, खऱ्या काळ्या दगडाची खपली दाबून खरखर उठवली आणि वरून रबर चढवून साचे काढले.

आता ओतकाम. आधी पाणी, मग त्यात प्लास्टर भुरभुरायचं. उलटं केलं की गुठळ्या होतात. सावकाश ढवळायचं. पहिला हात ब्रशने सांध्यांत भरायचा, नाहीतर नेमका दगडाच्या कोपऱ्यावर बुडबुडा राहतो. मग काथ्या, मग उरलेला माल. आळताना प्लास्टर तापतं. ते निवल्याशिवाय साच्याला हात लावत नाही.

11. पावसात उघडा राहणारा भाग सिमेंटचा, एकास तीन. परतीच्या पावसात प्लास्टर मऊ पडतं. प्लास्टर सुकवायचं, सिमेंट मात्र ओल्या पोत्याखाली ठेवायचं.

1. भाकरी.

2. जुळणी. मला सगळ्यात जपावं लागतं ते इथे. एकाच साच्याचे तुकडे शेजारी लावले की तोच दगड पुन्हा पुन्हा दिसतो आणि तट खोटा पडतो. साचे आलटूनपालटून घेतो, कडा दगडाच्या रेषेनेच कापतो. उभा सांधा सरळ खाली येता कामा नये. गवंड्याची सांधेमोड इथेही पाळायचीच. ज्यांनी तो तट रचला त्यांचा तेवढा मान ठेवायला हवा.

5. काळपट पाण्याचा हात, लगेच ओल्या फडक्याने पुसायचं. काळं सांध्यात राहतं, दगड उजळतो.

7. मंडळात चर्या बसवताना एकाने विचारलं, "मामा, चार दरवाजा न्हाई करायचा?"

"इंग्रजांनी 1844 साली पाडला तो."

"म्हणून तर करूया की!"

खरं आहे पोराचं. रविवारी टेप घेऊन वर जाऊ. उरलेले अवशेष मोजू, त्यावरून नवा साचा कोरायचा.