सरगुंडे आणि मॅकरोनी

नागपुरातल्या कोणत्याही किराणा दुकानात आज मॅकरोनीचे पाकीट मिळते. सरगुंडे मागितले तर दुकानदार क्षणभर थबकतो आणि म्हणतो, "आमच्या आजीकडं व्हायचे." हे दोन्ही पदार्थ सख्खे भाऊ आहेत, असे माझे मत गेली काही वर्षे बनत गेले आहे, आणि ते केवळ दिसण्यावरून नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. गहू ओलवून, दडपून ठेवून दळायचे, चाळून रवा-सपीट काढायचे. घट्ट मळलेल्या पिठाची लांब, बारीक वळी करायची, ती गुळगुळीत काडीभोवती वेढे देत गुंडाळायची, हातानं हलकेच फिरवायची आणि काडी अलगद ओढून घ्यायची. उरते ती पोकळ नळी. बाजेवर धोतर पसरून त्या सुकवायच्या, तेही सावलीत, कारण नागपूरचे वैशाखातले ऊन थेट लागले तर नळीला तडे जातात. पुढे उकडून आमरसासोबत खायच्या.

इटलीच्या दक्षिणेकडे, कालाब्रियात, बायका हेच काम लोखंडाच्या बारीक सळईवर करतात. सिसिलीतल्या त्रापानीकडे 'बुझियाते' नावाचा प्रकार आहे. त्याचे नावच तिकडच्या बोरूसारख्या काडीवरून आले. शेवयांची विद्या मार्को पोलोने चीनहून आणली, ही गोष्ट आपल्याकडेही सांगितली जाते. पण तो व्हेनिसला परतला 1295 मध्ये, आणि अल-इद्रीसी हा अरब भूगोलकार 1154 मध्येच लिहून गेला होता की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी सुक्या शेवया होतात आणि जहाजे भरभरून बाहेर जातात. तेव्हा कोणी कोणाकडून घेतले, यात मला फारसा रस उरलेला नाही. खरी गंमत गव्हात आहे.

ती मला फजितीतून कळली. हौसेने पहिल्यांदा सरगुंडे केले ते घरच्या लोकवन गव्हाच्या कणकेचे. वळले छान, सुकले छान. उकळत्या पाण्यात पडले आणि लापशी झाली. उमरेडकडे राहणाऱ्या माझ्या आत्याला फोन केला. ती हसली. "पोळ्यांची कणीक घेतली काय रे बाबू? त्याले बन्सी लागते."

बन्सी म्हणजे वनस्पतिशास्त्रातला ड्युरम गहू. इटलीतला सुका पास्ता ज्याचा करतात तोच. दाणा टणक, काचेसारखा. दळला की पिठापेक्षा रवाच जास्त निघतो, रंग पिवळसर, प्रथिने भरपूर. त्यातला चिकटा रबरासारखा मागे ओढत नाही, म्हणून वळी लांब होते आणि काडीवर बसते. शिजताना तोच चिकटा पिठूळपणाला धरून ठेवतो. विदर्भाच्या काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर, पाणी न देता हा गहू पिकत असे. पुढे ओलिताची सोय झाली तिथे जास्त उतारा देणारे वाण आले. गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला 'लोक-1', म्हणजे आपला लोकवन, त्यातलाच. पोळीला तो उत्तम. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पोळीचा गहू घरात राहिला आणि सरगुंड्यांचा गेला, तेव्हा काडीही अडगळीत गेली. पाकिटातल्या मॅकरोनीला दोष देणे मला म्हणूनच पटत नाही. ती आली तेव्हा जागा बरीचशी रिकामी झालेली होती.

आता जे आमच्या घरी वर्षभर होते ते सांगतो. सरगुंडे फक्त रसाशीच खायचे, असा काही नेम नाही. चार माणसांना पाव किलो सुके सरगुंडे, उकळत्या पाण्यात बेताचे मीठ. मधला कच्चा ठिपका दिसेनासा झाला की उतरवायचे. निथळताना वाटीभर पाणी राखून ठेवायचे. लोक हे पाणी फेकतात, तेच चुकते. पसरट कढईत तेल, त्यात आठ-दहा लसूणपाकळ्यांचे काप मंद आचेवर, तीन वाळक्या भिवापुरी मिरच्या मोडून. लसूण सोनेरी होताच राखलेले पाणी ओतायचे. त्यातल्या पिठामुळे तेल-पाणी मिळून येते आणि सरगुंड्यांना चढते. नेपल्सकडे साधारण असेच खातात; मिरची तर त्यांनाही आणि आपल्यालाही अमेरिकेतूनच आली. चीज नको. दक्षिण इटलीत गरिबाघरी चीजऐवजी शिळ्या पावाचा भाजलेला चुरा भुरभुरतात. मी जवसाची चटणी घालतो. पुतण्या पहिल्यांदा खाताना म्हणाला, "काका, हा कोणता पास्ता?"

बन्सी शोधायला मला दोन हंगाम लागले. मागच्या दिवाळीनंतर एका शेतकऱ्याने घरच्यापुरता पेरलेल्यातून पाच किलो दिला. तो घेऊन आत्याकडे गेलो. तिची नजर आता अधू झाली आहे, पण वळी तिने न बघता काडीवर चढवली. माझी तिसऱ्या वेढ्यालाच तुटली. निघताना काडी मागितली. दिली नाही. "अक्षय तृतीया झाली का ये," म्हणाली, "अन् पोराले घेऊन ये."