शाखायुक्त चित्रपट आणि मध्यस्थ संचयाचे धोरण

१९६७ साली माँट्रिऑल येथील जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडुझ चिन्चेरा यांचा 'किनोऑटोमाट' हा प्रयोग दाखविण्यात आला. चित्रपट ठराविक प्रसंगी थांबे व पुढे काय घडावे याचा कौल प्रेक्षक बहुमताने देत. २८ डिसेंबर २०१८ रोजी नेटफ्लिक्सने प्रसृत केलेल्या 'बँडरस्नॅच'मध्ये ही निवड प्रत्येक प्रेक्षकाच्या स्वाधीन झाली. तीसाठी सुमारे १० सेकंदांचा अवधी मिळे.

दूरच्या मूळ संगणकाकडून चित्रफीत वारंवार न मागविता तिची प्रत प्रेक्षकाजवळील मध्यस्थ संगणकात, म्हणजेच प्रॉक्सीत, राखून ठेवणे यास संचय म्हणतात. एकमार्गी चित्रपटात पुढील खंड कोणता हे निश्चित असते. शाखायुक्त चित्रपटात ते निवडीपूर्वी कळत नाही. शाखा पुन्हा एकत्र न आल्यास १० द्विपर्यायी निवडींतून १,०२४ निरनिराळे शेवट उद्भवतात. सर्वच खंड जवळ ठेवणे अर्थातच परवडणारे नाही.

जागा अपुरी पडताच, दीर्घकाळ न मागितलेला खंड काढून टाकावा, असा प्रचलित नियम आहे. त्याने लोकप्रिय शाखा टिकते व विरळ शाखा नाहीशी होते. मग विरळ पर्याय निवडणाऱ्यासच खोळंबा सोसावा लागतो. तो अनुभव आल्यावर प्रेक्षक तो पर्याय टाळू लागल्यास त्याची मागणी आणखी घटते. अशा रीतीने संचयाचा नियमच प्रेक्षकांचा कौल बदलू शकतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक शाखेचा केवळ आरंभीचा अंश राखणे. एकमार्गी चित्रफितींसाठी ही कल्पना सेन, रेक्सफोर्ड व टाउस्ली यांनी १९९९ साली मांडली होती. सेकंदास ४ मेगाबिट या गतीने ६० सेकंदांचा खंड ३० मेगाबाइट जागा व्यापतो. त्याचे पहिले १० सेकंद केवळ ५ मेगाबाइट. म्हणजे एका पूर्ण खंडाच्या जागेत ६ शाखांचे आरंभ मावतात. आरंभ दाखविला जात असता उर्वरित भाग मूळ संगणकाकडून आणता येतो. मात्र तो १० सेकंदांच्या आत येऊ लागला पाहिजे व पुढे त्याची गती ४ मेगाबिटांहून कमी होता कामा नये.

ज्या खंडांत अनेक शाखा पुन्हा मिळतात, ते पूर्ण राखावेत. कारण बहुतेक प्रेक्षक तेथून जातात. उरलेल्या जागेचे वाटप लोकप्रियतेनुसार करण्यास हरकत नाही. परंतु विरळ शाखेचा आरंभ कधीही काढून टाकू नये. दोन्ही पर्याय सारख्याच तत्परतेने उपलब्ध असतील, तरच प्रेक्षकाची निवड खरोखर त्याची ठरते.