उपाशी गुरं आणि तुरुंगातले पाद्री

निनवेच्या राजाने उपासाचा हुकूम काढला, तेव्हा त्यातून गुरंढोरंही सुटली नाहीत. माणसांसारखं त्यांनाही गोणपाट पांघरावं लागलं! ही गोष्ट बायबलमधल्या योनाच्या पुस्तकातली. तिचा शेवट तर फारच सुंदर. देवाच्या कोपातून निनवे वाचलं म्हणून संदेष्टा योना रुसतो, तेव्हा देव त्याला विचारतो, की एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि एवढी जनावरं, यांची कीव मी करू नये का? या प्रश्नावरच पुस्तक संपतं.

जुन्या करारातले नियम थेट शेताच्या बांधावरचे आहेत. मळणीच्या बैलाला मुसकी घालायची नाही. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपायचे नाहीत. शब्बाथाला मालकाबरोबर बैलालाही विसावा. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलं, तरी हात द्यायचा. वैर मालकाशी, गाढवाशी नाही! आणि वाटेत घरटं दिसलं तर पिल्लांबरोबर त्यांच्या आईला धरायचं नाही, तिला उडू द्यायचं. त्याचं फळ दीर्घायुष्य. दहा आज्ञांमध्ये आईवडिलांचा मान राखणाऱ्यालाही हेच वचन मिळालंय.

जुन्या करारातल्याच बलामच्या गाढवीला तर वाचाच फुटली. मला तीनदा का मारलंस, असा जाब तिने धन्याला विचारला. रस्ता अडवून उभा असलेला देवदूत तिला दिसला होता, बलामला नाही.

संत कथबर्ट सातव्या शतकात इंग्लंडच्या ईशान्येला फार्न बेटांवर राहत. तिथल्या आयडर बदकांना त्यांनी अभय दिलं, असं परंपरा सांगते. नॉर्थंबरलँडमध्ये या बदकाचं लाडकं नाव ‘कडी डक’. कडी म्हणजे कथबर्टच.

नाताळच्या देखाव्यातले बैल आणि गाढव? संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरेखुरे आणून उभे केले होते. 4 ऑक्टोबर हा त्यांचा सण, आणि जागतिक प्राणी दिनही त्याच तारखेला.

मला मात्र सगळ्यांत मोठे वाटतात रेव्हरंड आर्थर ब्रूम. गुराढोरांच्या छळाविरुद्ध ब्रिटनमध्ये 1822 साली कायदा झाला, खासदार रिचर्ड मार्टिन यांच्या खटपटीने. पण तो राबवणार कोण? 16 जून 1824 रोजी ब्रूम यांनी लंडनच्या एका कॉफी हाऊसमध्ये माणसं जमवली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्बरफोर्सही आले, आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धची संस्था उभी राहिली. गुरांच्या बाजारावर नजर ठेवायला ब्रूम यांनी पदरमोड करून माणसं नेमली. संस्थेवर कर्ज चढलं, आणि 1826 मध्ये त्या कर्जापायी हा पाद्री तुरुंगात गेला! त्यांच्यानंतर संस्थेचा गाडा ज्यू धर्माच्या लुईस गोम्पर्ट्झ यांनी ओढला. पुढे 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीने तिला ‘रॉयल’ किताब दिला. आज तीच ‘आरएसपीसीए’.

आफ्रिकेत लांबारेनेला दवाखाना चालवणारे डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर लहान होते तेव्हाची गोष्ट. रात्रीची प्रार्थना फक्त माणसांसाठीच का, हे त्यांना कळेना. मग आई दिवा मालवून गेली की ते सगळ्या सजीवांसाठी आपली वेगळी प्रार्थना गुपचूप म्हणत.

आणि 17 जानेवारीला कधी माद्रिदमध्ये असाल, तर सान आंतोनच्या चर्चकडे जरूर जा. कुत्री, मांजरं, ससे, पोपट घेऊन माणसं रांगेत उभी असतात, आणि पाद्री एकेकावर पवित्र पाणी शिंपडत असतात.