पहिल्या मीटिंगच्या दारात

‘ओळखीचं कुणी भेटलं तर?’ या धास्तीनं अनेक पावलं दारातूनच परततात. पण भेटणाराही त्याच कारणानं आलेला असतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांमध्ये आडनाव सांगावं लागत नाही, फी नाही. पिणं थांबवण्याची इच्छा एवढीच अट. मागच्या खुर्चीत बसून नुसतं ऐकलं तरी चालतं. घरच्यांना सोबत न्यायचं असेल, तर ‘ओपन मीटिंग’ कधी असते ते आधी फोनवर विचारावं.

नुसत्या बोलण्यानं दारू सुटते का, ही शंका रास्तच. मात्र वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात, २७ अभ्यासांच्या आधारे, या गटांशी जोडून देणारे पद्धतशीर कार्यक्रम सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. तरीही गट म्हणजे डॉक्टर नव्हे: रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. त्यानं आधी दवाखाना गाठावा.