मालमोटारीचा तेलपंप आणि गाळणी

खानदेशांतून येणारीं केळीं आपण बाजारांत रोज पाहतों. परंतु ज्या वाहनांतून तीं येतात, त्याच्या पोटांत काय चालतें, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. पाचोरा, जळगांव, रावेर या बाजूचा बराचसा शेतमाल मालमोटारींनींच बाहेर जातो. धुळ्यावरून उत्तरेस निघालेली गाडी शिरपूर सोडून सेंधव्याची वाट धरते, तेव्हां तिला सातपुड्यांतील बिजासन घाट चढावा लागतो. भरलेली गाडी नेमकी या चढावर धापा टाकूं लागली आणि तेथेंच थांबली, तरी आंतलीं केळीं कांहीं थांबत नाहींत. तीं पिकतच राहतात. ज्याची सारी मिळकत त्या एकाच गाडींत गुंतलेली आहे, त्या मालकाच्या दृष्टीनें हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाहीं, संसाराचा होतो.

अशा मालकास एक सल्ला हमखास मिळतो: बाजारांत मिळणारा जादा तेलपंप व मोठी गाळणी, म्हणजे फिल्टर, गाडीला बसवून टाक. हा सल्ला केव्हां हिताचा व केव्हां अहिताचा, हें ठरविण्यासाठीं डिझेल टाकींतून एंजिनापर्यंत कसें जातें, तें आधीं समजून घेतलें पाहिजे.

रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींतील औग्सबुर्ग येथें आपलें एंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. या एंजिनांत ठिणगी नसते. हवा जोरानें दाबली म्हणजे ती तापते, आणि त्या तप्त हवेंत तेलाचा फवारा सोडला कीं तें पेट घेतें. आरंभीं हा फवारा सोडण्यास दाबलेल्या हवेचें अवजड यंत्र लागत असे. त्यामुळें तें एंजिन बहुधा कारखान्यांत व जहाजांवरच राहिलें. पुढें १९२७ सालीं स्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें आटोपशीर फवारा-पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास प्रारंभ केला, आणि डिझेल एंजिन रस्त्यावर येणें सोपें झालें. आपल्या देशांत १९५४ पासून टाटा व डेमलर-बेंझ यांच्या सहकार्यानें जमशेदपूर येथें डिझेल मालमोटारी तयार होऊं लागल्या.

अशा गाडींत सामान्यतः दोन पंप असतात. पहिला फीड पंप. तो टाकींतलें तेल ओढून गाळणीमार्फत पुढें पाठवितो. त्याचा दाब अगदीं बेताचा असतो. दुसरा फवारा-पंप. जुन्या गाड्यांत नोझल वातावरणाच्या सुमारें दोनशें पट दाबाला उघडतें. नव्या कॉमन रेल पद्धतींत हाच दाब सोळाशें ते दोन हजार पटींपर्यंत, कधीं त्याहूनहि वर जातो. या दुसऱ्या पंपांतील दट्ट्या आणि त्याची नळी यांमधील फट अवघी दोन ते चार मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो, एवढें सांगितलें म्हणजे त्या फटीची कल्पना येईल. शिवाय तेथें वंगण म्हणून डिझेलच काम करतें. त्यांत धुळीचा कण आला तर ओरखडा उठतो. पाणी आलें तर वंगण तुटतें आणि गंज चढतो. गाळणी ही या पंपाची ढाल आहे, ती एवढ्यासाठींच.

आतां पाणी येतें कोठून? अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यांत रात्रभर उभी राहिली, कीं आंतल्या दमट हवेचें दंव होऊन तें तळाशीं जमतें. म्हणून शहाणा ड्रायव्हर मुक्कामाच्या आधीं, संध्याकाळींच टाकी भरून ठेवतो.

गाडी धापा टाकूं लागली म्हणजे पंप बदलण्यापूर्वीं कारण शोधावें. पुष्कळदां जुनी गाळणीच चोंदलेली असते. कधीं टाकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र बुजलेलें असतें. मग तेल जसें निघतें तशी टाकींत पोकळी होते आणि पंपाला तेल ओढवत नाहीं. सर्वांत फसवा दोष ओढनळीचा. टाकी आणि फीड पंप यांमधील नळीस बारीक भेग पडली, तर चालत्या गाडींत बाहेर एक थेंबहि दिसत नाहीं; मात्र आंत हवा शिरत राहते. त्या जागीं तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा लावला, तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. हे दोष थोडक्या खर्चांत जातात. त्यांवर नवा पंप बसविणें म्हणजे आजार एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

एवढें करूनहि फीड पंप थकलेलाच ठरला, तर मात्र जुन्या पद्धतीच्या गाडीस विजेवर चालणारा पंप आणि पाणी वेगळें करणारी गाळणी उपकारक होते. हें काम एंजिन थंड असतां व बॅटरीची तार सोडूनच करावें. उघडावयाचा प्रत्येक सांधा आधीं बाहेरून पुसून घ्यावा. विजेचा पंप ओढण्यापेक्षां ढकलण्यांत तरबेज असतो. म्हणून तो टाकीजवळ, शक्य तितका खालीं बसवावा. गाळणी धुराच्या नळापासून दूर, पण पाणी काढतांना हात सहज पोंचेल अशा जागीं असावी. नळ्या डिझेल सोसणाऱ्या रबराच्या, पहिल्यापेक्षां अरुंद नसलेल्या, आणि तांब्याचे वायसर नवे असावेत. विजेची तार फ्यूज आणि रिले यांमधून अशी न्यावी कीं, एंजिन थांबतांच पंपहि आपोआप थांबेल. अन्यथा अपघातांत तुटलेल्या नळींतून तो तेल ओततच राहील.

दाब गाडीच्या कारखानदारानें सांगितला असेल तेवढाच ठेवावा. दाब जास्त झाला तर फवारा-पंपाचीं सीलें गळूं शकतात, डिझेल एंजिनच्या वंगणांत उतरतें आणि तें पातळ होतें. शेवटीं हवा काढावी: गाळणीवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून अखंड तेल येईपर्यंत हातपंप मारावा. नवी गाळणी लवकर भरावी म्हणून तिच्या स्वच्छ बाजूंत डबड्यांतलें तेल ओतण्याची रीत वाईट. तें न गाळतांच थेट पंपांत जातें.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. सहा नियमांच्या गाड्यांची गोष्ट निराळी. तेथें दाबाचा हिशेब संगणक ठेवतो; बाहेरचा पंप घुसडल्यास तो हिशेब बिघडतो. अशा गाडीला कारखानदाराच्या संमतीखेरीज हात लावूं नये, आणि एंजिन चालू असतां उच्च दाबाची नळी तर कधींच उघडूं नये. त्या दाबाची तेलाची धार कातडी भेदून आंत जाते.

नव्या पंपानें गाडीची ताकद वाढते, हा समज मात्र सोडला पाहिजे. पंप आणि गाळणी मिळून एंजिनला त्याचें मूळचें अन्न निर्मळ आणि पुरेसें देतात, याहून अधिक कांहीं नाहीं. आणि गाळणीहि वेळच्या वेळीं बदलली, तिच्या तळाचें पाणी रोज सकाळीं काढलें, तरच राखण करते. या कामास दोन मिनिटें पुरतात. फवारा-पंपाच्या दुरुस्तीपुढें गाळणीची किंमत क्षुल्लक आहे, आणि घाटांत सडलेल्या मालाचा भार तर शेवटीं शेतकरी, गाडीवान आणि आपण गिऱ्हाईक या तिघांनाहि उचलावा लागतो.