कंपनीच्या दारी कोंबडीची वकिली
एका आगळ्या पेशाची ओळख

अंडी, चिकन व मटणाच्या धंद्यात असलेले आपले वाचक पुष्कळ आहेत. त्यांच्या मालाशी थेट संबंध असलेला, पण आपल्याकडे फारसा ठाऊक नसलेला एक पेशा अमेरिका व युरोपात चांगलाच रुजला आहे. मोठी हॉटेले, बेकरी कंपन्या, किराणा साखळ्या यांच्या खरेदी अधिकाऱ्याला गाठायचे आणि "तुम्ही ज्या कोंबड्यांची अंडी घेता, त्या ठेवल्या कशा जातात?" एवढेच विचारायचे. मग लेखी व मुदतीचे वचन हाती येईपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. हे काम करणाऱ्यांना पगार मिळतो, तो देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांकडून. सरकारदरबारी खेटे घालण्यापेक्षा ही मंडळी गिऱ्हाइकाकडे जातात, कारण मोठ्या गिऱ्हाइकाची अट पुरवठादाराला टाळता येत नाही. धंद्यात असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

या पेशाचा पाया घातला तो हेन्री स्पिरा या माणसाने. जन्म १९२७ चा, बेल्जियममधील अँटवर्पचा. व्यापारी जहाजावरचा खलाशी, मोटार कारखान्यातला कामगार, कामगार संघटनेचा कार्यकर्ता आणि शेवटी न्यूयॉर्कमध्ये शाळामास्तर असा त्यांचा प्रवास झाला. कामगार चळवळीत शिकलेले डावपेच त्यांनी जनावरांसाठी वापरले. प्रथम सभ्य भाषेत पत्र लिहायचे, भेट मागायची, नुसती तक्रार न करता पर्यायही पुढे ठेवायचा. कंपनीने दारच उघडले नाही, तर मात्र वर्तमानपत्रात पानभर जाहिरात. १९८० साली सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्या रेव्हलॉन कंपनीविरुद्ध सशांवरील चाचण्यांसाठी त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये अशी जाहिरात दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. पुढे ते शेतीच्या जनावरांकडे वळले. मेक्सिकोतून येणाऱ्या बैलांच्या तोंडावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा अमेरिकन कृषी खात्याचा नियम १९९४ च्या त्यांच्या मोहिमेनंतर मागे पडला. मात्र कोंबडीचे बडे व्यापारी फ्रँक पर्ड्यू त्यांच्या जाहिरातींना बधले नाहीत. स्पिरा १९९८ साली वारले. पर्ड्यू कंपनीने कोंबड्यांच्या देखभालीचे धोरण जाहीर केले ते २०१६ साली.

कत्तलखान्याशी संबंध असणाऱ्यांनी लक्ष द्यावे अशी आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेत यहुदी पद्धतीच्या कोशर कत्तलीपूर्वी जनावराला एका पायाला साखळी बांधून जिवंत उलटे टांगले जात असे. हा काही धर्माचा नियम नव्हता. मेलेल्या जनावराच्या रक्तात दुसरे जनावर पडू नये या आरोग्याच्या नियमातून ती रीत आली होती. स्पिरांनी यातही हात घातला, तो धर्माशी वाद न घालता. जनावर उभ्यानेच धरून ठेवणारा सापळा बसवा, असा आग्रह त्यांनी धरला. अशा सापळ्यांच्या रचनेत पुढे टेंपल ग्रँडिन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी मोठे काम केले, आणि त्या कोशर तसेच हलाल अशा दोन्ही कत्तलखान्यांना सल्ला देत आल्या आहेत. भांडण कशाशी आहे हे ओळखणे ही या पेशातली खरी अक्कल, असे आम्हाला वाटते.

आता अंड्यांकडे येऊ. १९९७ साली लंडनच्या न्यायालयात मॅकडोनाल्ड्स कंपनीने दोन कार्यकर्त्यांवर भरलेल्या बदनामीच्या खटल्याचा निकाल लागला. बहुतेक मुद्द्यांवर कंपनी जिंकली. परंतु काही जनावरांवरील क्रूरतेला, त्यात पिंजऱ्यातील कोंबड्याही आल्या, कंपनी जबाबदार आहे असे न्यायाधीशांनी नमूद केले. २००० साली कंपनीने अमेरिकेतील अंडी पुरवठादारांना अट घातली की एका कोंबडीला किमान ७२ चौरस इंच जागा हवी. त्याआधी साधारण ५० चौरस इंचांत भागविले जाई. ७२ इंच म्हणजे तरी किती? टाईपाचा ए-फोर कागद ९६ चौरस इंचांहून थोडा मोठा असतो. त्या कागदाच्या पाऊण भागावर कोंबडीने आयुष्य काढायचे, पंखसुद्धा पसरता येत नाहीत.

पुढे मागणी वाढली ती पिंजराच नको अशी. सप्टेंबर २०१५ मध्ये मॅकडोनाल्ड्सने अमेरिका व कॅनडात दहा वर्षांत पिंजरामुक्त अंड्यांवर जाण्याचे जाहीर केले. एकट्या अमेरिकेत ही कंपनी वर्षाला सुमारे दोन अब्ज अंडी वापरत होती. त्यानंतर इतर कंपन्यांची रांग लागली. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेपुरते वचन मुदतीआधीच पुरे झाल्याचे कंपनीने कळविले.

वचन मिळाले की काम संपले असे मात्र नाही. डुकराच्या मांसाशी आपल्या वाचकांना कर्तव्य नाही, पण धंद्याचा धडा म्हणून हा किस्सा ऐकावा. गाभण डुकरिणींना अरुंद कोंडीत डांबणे दहा वर्षांत थांबवू, असे याच कंपनीने २०१२ साली म्हटले होते. ते पाळले गेले नाही असा आरोप करून २०२२ साली कार्ल आयकान या अब्जाधीश गुंतवणूकदाराने भागधारकांच्या सभेत आपले दोन उमेदवार संचालकपदासाठी उभे केले. त्याच्याकडे शेअर होते केवळ २००! मते पडली जेमतेम एक टक्का. पण जगभरच्या वर्तमानपत्रांत कंपनीचे जुने वचन पुन्हा छापून आले. म्हणून या पेशातल्या माणसाचे निम्मे आयुष्य ताळेबंद, वार्षिक अहवाल व मुदतींच्या याद्या वाचण्यात जाते. वाणिज्य शाखेच्या तरुणाला हे काम अवघड नाही. नकार ऐकण्याची तयारी तेवढी हवी.

खरी अडचण दिसते ती किराणा दुकानांत. हॉटेलाच्या आम्लेटात अंड्याची किंमत लपून जाते, दुकानात ती डोळ्यांसमोर असते. २०२५ ची मुदत घातलेल्या अनेक अमेरिकन किराणा साखळ्या मागे राहिल्या. त्यातच बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या आणि मार्च २०२५ मध्ये तेथे अंड्यांचा सरासरी भाव डझनाला सव्वासहा डॉलरच्या घरात गेला. पिंजरामुक्त शेडला जागा जास्त, मजुरी जास्त, खाद्यही जास्त लागते. हा बोजा कंपनी उचलणार की शेतकरी, याचे उत्तर प्रत्येक प्रचारकाकडे तयार नसते. आमच्या मते ही त्यांची सर्वांत कच्ची बाजू आहे.

भारतात २०२३-२४ साली सुमारे १४,२७७ कोटी अंडी निघाली. व्यापारी फार्मवरील बहुतेक लेअर कोंबड्या पिंजऱ्यातच आहेत. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा जनावराला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवण्यास मनाई करतो. विधी आयोगाने जुलै २०१७ च्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्यासाठी नियमांचा मसुदाही दिला. परदेशी हॉटेल साखळ्यांची वचने येथील पुरवठादारापर्यंत येऊ लागली आहेत.

येथे एक गैरसमज दूर करावा. पिंजरामुक्त म्हणजे गावरान नव्हे. बंद शेडमध्ये हजारो कोंबड्या मोकळ्या सोडलेल्या असल्या तरी ते अंडे पिंजरामुक्तच. शेकड्याचा रोजचा भाव जाहीर होतो तो साध्या अंड्याचा. तेव्हा एखाद्या हॉटेलाने पिंजरे काढा म्हटले, तर वाढीव भाव किती, किती वर्षांसाठी आणि किती ट्रेची हमी, हे कागदावर घेतल्याखेरीज शेडला हात लावू नये. कोंबड्यांची वकिली करायला आलेल्या माणसालाही हेच तीन प्रश्न विचारावेत. तो कंपनीकडे जाईल तेव्हा ते त्याच्या यादीत असले पाहिजेत.